राजा उताणाच मरतो

नवऱ्याचं नाव बायकोने घेऊ नये, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया सांगतात. मी घेते. ज्या माणसाने लग्नापासून मला एक रात्र सुखाने झोपू दिलं नाही, त्याचं नाव घ्यायला लाज कसली? त्यांचं नाव लहानू. लग्नाच्या वेळी ते नावासारखेच होते, अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. पुढे माझ्या हातचा भात मानवला, अंग वाढत गेलं आणि लहान म्हणून नावच तेवढं उरलं.

आमचं गाव खैरीटोला. कुरखेड्याहून निघालं की अर्धी वाट धानाच्या बांध्यांची, म्हणजे भातखाचरांची, आणि अर्धी जंगलाची. लहानू शेती करायचे, मी शिलाई मशीनवर गावाचे झंपर आणि सदरे शिवायची. मुलगी लग्न होऊन भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत गेली होती. घरात आम्ही दोघंच, आणि तिसरं त्यांचं घोरणं.

त्या घोरण्याचं गावाला कौतुक होतं. ज्याच्या मनात पाप नाही तोच असा घोरतो, असं लोक म्हणायचे. म्हणजे माझ्यासारख्या रात्रभर टक्क जाग्या बाईच्या मनात काय असेल, याचा ज्याने त्याने अंदाज करावा. शेजारची केसरबाई तर मला बजावायची, "रुखमे, तुह्या मालकाच्या आवाजानं आमच्या वाडीत रानडुक्कर नाई येत वं. घोरू दे त्याले असाच."

पण मला घोरण्याची भीती कधीच नव्हती. मला भीती होती ती घोरणं थांबण्याची. चांगली लाकडं चिरायची आरा मशीन चालल्यासारखी घरघर चालू असायची आणि एकाएकी बंद. घर शांत. मी उठून बसायची. त्यांची छाती हलायची, पोट हलायचं, पण हवा काही आत जायची नाही. तोंड उघडं, माणूस गप्प. मग मी बरगडीत कोपर मारून ओरडायची, "अजी, कूस पालटा!" पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा मोठा श्वास घेऊन ते झोपेतच कूस पालटायचे आणि पुन्हा घरघर सुरू. असं रात्रीतून कितीदा व्हायचं, ते मोजायला मी कुठे शुद्धीवर असायची?

सकाळी विचारलं तर म्हणायचे, "मले तं मस्त झोप लागली." आणि लगेच, "डोक्सं दुखून राह्यलं, चहा दे." चहा पिता पिता डोळे मिटायचे. जेवताना हातातला घास हातात आणि मान छातीवर. एकदा शेतातून येताना बैलगाडीत झोपले. बैलांना तहान लागलेली, ते गाडी घेऊन सरळ बोडीत उतरले. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. बाया धुणं धूत होत्या. त्यांनी पाहिलं तर चाकं पाण्यात, बैल पाणी पिऊन राह्यले आणि आमचे मालक गाडीत बसून घोरून राह्यले. गाव आठ दिवस हसलं. मी पण हसले, पण मला रात्री त्याच बोडीचं पाणी डोळ्यापुढे दिसायचं.

"दवाखान्यात चला," मी म्हणायची.

"झोप आली म्हणून कोनी दवाखान्यात जाते का? झोप नाई येत तो जाते. तूच जा," असं त्यांचं उत्तर. या उत्तरावर मी किती भांडी आपटली असतील!

शेवटी त्यांना दवाखान्यात नेलं ते नाटकाने.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकांचा हंगाम लागतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, ते थेट कोंबडा आरवेपर्यंत. घरोघरी पाव्हणे येतात, सोयरिकी जुळतात, भांडणं मिटतात आणि नवी लागतात. खैरीटोल्याच्या नाटकात राजा म्हणजे लहानू, हे ठरलेलं. आवाज पहाडी, उंची चांगली, आणि अंगावर जरीचा कोट चढवला की पोटसुद्धा राजाचंच वाटायचं. तो कोट मीच शिवलेला, आणि दरवर्षी मीच उसवून मोठा केलेला.

त्या वर्षी नाटक होतं 'मुकुट पडला मातीत'. शेवटच्या अंकात राजा युद्धात पडतो. मग राणी विलाप करते, प्रधान पश्चात्ताप करतो, राजपुत्र शपथ घेतो, आणि हे सगळं होईपर्यंत राजा मधोमध उताणा मरून पडलेला. राणीच्या कामाला वडशाहून गोकुळाबाई आणल्या होत्या. बाई अशी गाते की दगडाला पाझर फुटावा. तिने राजाच्या छातीवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला, "बोला महाराज, एकदा तरी बोला!"

आणि महाराज बोलले.

आधी बारीक शिट्टी, मग घरघर, मग पूर्ण आरा मशीन. राणीचं डोकं त्या छातीवर खालीवर व्हायला लागलं. पुढच्या पोट्ट्यांनी आरोळी ठोकली, "राजा जिवंत हाये बे!" हजार लोक पोट धरून लोळले. प्रधान पश्चात्ताप करता करता हसला. पडदा पाडावा लागला आणि राजपुत्राची शपथ तशीच राहिली. त्यानंतर कुरखेड्याच्या बाजारात आमच्या गावचा माणूस दिसला की लोक विचारायचे, "काऊन गा, तुमच्या गावचं मढं घोरते म्हंते?"

दुसऱ्या वर्षी धानाची लावणी आटोपली, तसे गावचे लोक नाटक ठरवायला बसले. मागचं अर्धवट राहिलं म्हणून यंदाही तेच नाटक करायचं, यावर एकमत झालं. राजा मात्र बदलायचा. नाटक बसवायचे आमचे रामाजी. सत्तरीचे, काटक, तोंडाने फटकळ. त्यांनी बाबुलालचं नाव घेतलं. बाबुलालचं किराणा दुकान, माणूस सडपातळ, आवाज बकरीचा, पण रात्रभर जागा राहू शकतो हा त्याचा मोठा गुण.

लहानू घरी आले आणि न जेवता आडवे झाले. हा माणूस न जेवता झोपतो, असं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि झोपले पण नाहीत. आढ्याकडे बघत म्हणाले, "रुखमे, वरीसभर मी चिखलात बैलाच्या मांगं फिरतो. एक रात्र राजा होतो. ते बी गेलं तं मंग मी कोन वं?"

मला खरं तर राग यायला हवा होता. माझा जीव रात्रंदिवस टांगणीला लागलेला, त्याचं या माणसाला काही नाही आणि पुठ्ठ्याच्या मुकुटासाठी डोळ्यात पाणी! पण मला कीव आली, आणि लगेच अक्कलही आली. मी तशीच रामाजींच्या अंगणात गेले.

"रामाजीभाऊ, तालमी सुरू होईपर्यंत थांबा. तालमीत एकडाव जरी हे घोरले, तं मीच बाबुलालच्या मापाचा कोट शिवून देईन."

रामाजी म्हणाले, "माह्यावाला काई दुश्मन नाई तो. पर झोपेवर कोनाचा जोर चालते का वं बाई?"

"झोपेवर नाई चालत. नवऱ्यावर चालते," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही कुरखेड्याच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टरीणबाई नागपूरला शिकलेल्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या. लहानूंनी बसताच सांगून टाकलं, "मले काईच नाई झालं, डॉक्टरीणबाई. इले झोप नाई येत, इले तपासा."

"मग तुम्ही गप्प बसा आणि त्यांनाच बोलू द्या," बाई म्हणाल्या. "झोपलेल्या माणसाला स्वतःचं काय कळतं? शेजारी झोपणाऱ्यालाच विचारावं लागतं. सांगा ताई, कसे घोरतात?"

इतक्या वर्षांत मला कुणी पहिल्यांदाच हे विचारलं होतं. मी नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. शिट्टी, घरघर, मग एकदम गप्प, डोळे पांढरे, आणि मग तो बुडत्या माणसाचा श्वास. मी इतकं मन लावून केलं की बाहेरचा कंपाउंडर धावत आला, "कोनाले साप चावला का?" त्याच्या मागे दारात सगळे पेशंट गोळा झाले. लहानू शरमून पार खुर्चीत घुसले होते.

"मी असा घोरतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी त कमी करून दाखोलं," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ब्लडप्रेशर पाहिलं, ते वाढलेलं होतं. घसा पाहिला, मान चाचपली, वजन केलं. मग सांगितलं ते असं. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात. ज्याची मान जाड, अंग भारी, आणि वर जो उताणा झोपतो, त्याच्या श्वासाची वाट त्या सैल मांसाने बंद होते. श्वास अडकतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, म्हणून तो दचकून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. त्याला वाटतं रात्रभर झोपलो.

"म्हंजे मी झोपतच नाई?" लहानूंना हे काही पटेना.

"झोपता, पण तुकड्या-तुकड्यांनी. म्हणून दिवसभर झोप येते आणि डोकं दुखतं. असंच चालू ठेवलं तर हृदयावर येईल."

चिंध्या जोडून गोधडी होते, झोप होत नाही, हे मला शिवणकामवालीला चटकन कळलं. पण बाईंच्या शेवटच्या वाक्याने आणखी एक कळलं. इतकी वर्षं मी ज्याला उगाचची भीती समजत होते, ती उगाचची नव्हती.

"एखादी गोळी द्या," लहानू म्हणाले.

"झोपेची गोळी तर मुळीच घ्यायची नाही, गळा आणखी सैल पडेल. परदेशात नाकाला लावायचं हवेचं यंत्र निघालंय म्हणतात, ते इथे कुठून आणणार? आपल्या हातात आहे तेवढं करू. वजन उतरवा. उताणं झोपू नका. उशाची बाजू उंच करा. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. झोपायची आणि उठायची वेळ रोज एकच. आणि संध्याकाळी काही घेत असाल तर ते बंद."

लहानूंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"जराशी मोहाची," ते म्हणाले. "त्यानं झोप चांगली लागते."

"तुम्हाला लागते तशी ती तुमच्या गळ्यालाही लागते. तो झोपला की श्वास बंद."

फरक पडला नाही तर नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवीन, असंही बाईंनी सांगितलं. निघताना लहानूंनी दारातून मागे वळून विचारलं, "नाटकाच्या आंदी होईन ना बरा?" डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा मात्र त्या तोंडाला रुमाल लावून हसल्या.

"ज्याची रात्रीची झोप पुरी होते, त्याला दिवसा काय आणि स्टेजवर काय, झोप येत नाही," त्या म्हणाल्या. "राजा वाचवायचा असेल तर आधी शेतकरी झोपवा."

आणि माझं राज्य सुरू झालं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली मी विटा लावल्या. पहिल्या रात्री लहानू घसरत घसरत पायथ्याशी गोळा झाले. दोरी सैल पडली होती, ती ओढून घेतली. उताणं झोपू नये म्हणून त्यांच्या बंडीला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात चिंध्यांचा चेंडू घातला. त्यावर ते असे आरामात झोपले, जशी काही पाठीला उशीच दिली. मग मी चिंध्या काढून कच्चं बेलफळ घातलं. ते दगडासारखं. उताणं व्हायला गेले की "अयाया!" आणि कुशीवर.

"ही सवत तूच आनली माह्या पाठीवर," ते म्हणायचे.

"सवत बरी. ती तरी रातभर जागते," मी म्हणायची.

एकदा सकाळी घाईत ती बंडी तशीच घालून बाजाराला गेले. "राजाले कुबड आलं!" असं ओरडत पोट्टे मागे लागले. दुसरा कुणी असता तर त्याने बंडी फेकून दिली असती. यांनी बेलफळ काढलं, फोडायचा प्रयत्न केला, कच्चं निघालं म्हणून परत खिशात घातलं आणि घरी आले. नाटकाची ओढ एवढी होती.

भाताचं मात्र रोज भांडण. संध्याकाळी दिवेलागणीला जेवण, ताटात भाजी जास्त आणि भात कमी. "पाखराले टाकून राह्यली का?" असं विचारायचे. शेतात जायचं ते पायी, गाडी नाही. रेडिओवरच्या बातम्या संपल्या की खाट, आणि सूर्य उगवायच्या आधी उठायचं, मग आदल्या रात्री झोप लागो न लागो. दुपारी डोळे मिटायला लागले की मी मशीनवरून उठून त्यांना राजाचं भाषण म्हणायला लावायची. पंधरवड्यात मलाच ते पाठ झालं.

खरी अडचण मोहाच्या दारूची. संध्याकाळ झाली की मनसाराम कुंपणाशी येऊन खाकरायचा. दोघांची जुनी बैठक. मी एक दिवस त्याला घरात बोलावून चहा पाजला आणि म्हटलं, "मनसारामभाऊ, मढं घोरलं तं गावाची इज्जत जाईन. इज्जत तुमच्या गिलासात हाये." मनसाराम विचारात पडला. पण दोघांनी पोळ्याच्या दिवशी नेम मोडलाच. बैल सजले, पूजा झाली आणि हे झुलत घरी आले. ती रात्र मी विसरणार नाही. बेलफळाचाही काही उपयोग झाला नाही. इतक्या वेळा श्वास अडकला की उजाडेपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले होते आणि रडत होते.

सकाळी ते उठले, डोकं धरून बसले. मी चहा पुढे ठेवला. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "रुखमे, काल मी नाई झोपलो वाटते."

"नाई झोपले."

"आंदी रोज असाच उठत होतो का वं मी?"

"रोज."

त्यांनी अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं. "मले वाटे, सकाळ अशीच असते," ते म्हणाले. त्यानंतर मनसाराम कुंपणाशी खाकरला की हेच त्याला घरात बोलवायचे, चहाला.

दिवाळीपर्यंत माणूस बदलला. जरीचा कोट मला पहिल्यांदाच आत घ्यावा लागला, उसवण्याऐवजी शिवताना मला काय आनंद झाला! डोकं दुखणं गेलं, चिडचिड गेली. बोलता बोलता वाक्य पूर्ण व्हायला लागलं. रात्रीचा आवाजही उतरला. आरा मशीनची चक्की झाली, चक्कीची मांजर. डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर पाहून पाठ थोपटली आणि मला म्हणाल्या, "आता तुम्हीही झोपा."

पण मला कुठे झोप? इतक्या वर्षांची सवय. ते आधी झोपणार, मी त्यांचा श्वास ऐकत पडून राहणार. आता तर आवाज इतका हळू की ऐकायला जास्तच कान लावावे लागायचे. गडी बरा झाला आणि माझी भीती मात्र तशीच राहिली.

तालमी सुरू झाल्या आणि नवंच भांडण उभं राहिलं. लहानू रामाजींना म्हणाले, "भाऊ, यंदा राजा कुशीवर मरू द्या. डॉक्टरनं उतानं झोपाले मना केलं."

रामाजी भडकले. "कुशीवर मोहाची पिलेला पडते गा! राजा उतानाच मरते. छातीवर तलवार ठेवाची असते, ते काय बरगडीवर ठेवू?"

"पर झोप लागली तं?"

"झोप लागली तं बाबुलाल हाये."

बाबुलाल खरंच रोज तालमीला येऊन बसायचा. लहानू मेले की तो कान टवकारून पुढे सरकायचा. पण लहानू टक्क जागे. रामाजींनी मुद्दाम विलाप लांबवून पाहिला, गाण्याची कडवी वाढवली, तरी मढं शांत. शेवटी बाबुलालनेच कबूल केलं की आता आपण द्वारपालाचं काम करतो. मग रामाजींनी दुसरी खोड काढली. "घोरनं गेलं, आता पोट हलून राह्यलं. मेलेल्या राजाचं पोट हालते का?"

तेव्हापासून लहानू घरी दुपारी उताणे पडून श्वास रोखायचा सराव करायला लागले. तोंड उघडं, पोट गप्प. मी पहिल्यांदा पाहिलं आणि हातातली कात्री खाली पडली. "हे सोंग माह्या घरात नाई कराचं," मी एवढ्या जोरात ओरडले की केसरबाई पळत आली. त्यानंतर ते सराव शेतात करायचे.

नाटकाच्या रात्री गर्दी मागच्या वर्षीच्या दुप्पट. शंकरपटाला आलेले पाव्हणे तर होतेच, पण धानोऱ्याकडूनही गाड्या भरून लोक आले होते, ते काही राजपुत्राची शपथ ऐकायला नाही. मढं घोरते ते ऐकायला. स्टेजपुढे जमीन खोदून बसायची जागा केलेली, त्यात बायांच्या बाजूला पहिल्या ओळीत मी आणि केसरबाई. रात्र जागायची म्हणून लहानूंना मी दुपारी दार लावून झोपवलं होतं. ते डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, एका रात्रीपुरतं.

तीन अंक असे झाले की मी नवरा विसरून राजाच पाहत होते. एक शब्द चुकला नाही. मग चौथा अंक. युद्ध झालं, राजा पडला, उताणा. छातीवर तलवार ठेवली गेली. आणि त्या सगळ्या गर्दीत एकदम शांतता पसरली. तबला थांबला. लोकांनी माना पुढे काढल्या. पोट्टे तोंडावर हात दाबून बसले होते. गोकुळाबाईंनी डोकं राजाच्या छातीवर ठेवलं आणि भीत भीत म्हटलं, "बोला महाराज, एकदा तरी बोला!"

महाराज बोलले नाहीत.

शिट्टी नाही, घरघर नाही. पोटसुद्धा हललं नाही. लोकांची निराशा झाली, मग हळूहळू लोक नाटकात गुंतले. गोकुळाबाई गायला लागल्या. केसरबाईने पदर डोळ्याला लावला. विंगेतून रामाजींचं अर्धं तोंड दिसत होतं, ते आनंदाने फुललं होतं. लहानूंनी बाजी मारली होती आणि ते सगळ्या गावाला कळलं होतं.

पण मला ते काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं उघडं तोंड आणि थांबलेली छाती. हे सोंग आहे, मला माहीत होतं. तालमीतही असंच पडतात, माहीत होतं. मी स्वतःला समजावलं, रुखमा, गप बस. एक कडवं झालं. दुसरं झालं. छाती हलेना. रोज रात्री जे व्हायचं तेच झालं, मी उभी राहून ओरडले,

"अजी, कूस पालटा!"

आणि मेलेल्या राजाने कूस पालटली.

तलवार खणकन खाली पडली. गोकुळाबाईंचं डोकं छातीवरून घसरलं. सगळी गर्दी थिजली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पुढच्याच क्षणी हशा फुटणार आणि या माणसाचं राजेपण कायमचं जाणार, तेही माझ्यामुळे. लहानू कुशीवर पडून होते, डोळे मिटलेले, तोंड लोकांकडे.

पण गोकुळाबाई काही उगाच वडशाहून आलेल्या नव्हत्या. त्यांनी केस मोकळे सोडले, राजाच्या तोंडाजवळ बसल्या आणि थरथरत्या आवाजात म्हणाल्या, "पाहा, पाहा! रयतेतल्या एका बाईने हाक मारली आणि माझ्या महाराजांनी मेल्यावरही तिच्याकडे तोंड फिरवलं! असा राजा पुन्हा होणे नाही!" आणि त्यांनी गाणं उचललं ते वरच्या पट्टीतच.

हशा फुटलाच नाही. आधी कुणीतरी हुंदका दिला, मग टाळी पडली, मग सगळ्या माळावर टाळ्या. आणि मागून आरोळी उठली, "वन्स मोर! वन्स मोर!" आमच्याकडे वन्स मोर मिळाला की तो द्यावाच लागतो. राजा उठला, त्याला पुन्हा बाण लागला, तो पुन्हा पडला. या वेळी रामाजींनी विंगेतून हात हलवून स्वतःच खूण केली, कुशीवर, कुशीवर! आणि राजा कुशीवर मेला. माझ्याकडे तोंड करून. त्याचं पोट चांगलं खालीवर होत होतं, पण कुणाचीही काही तक्रार नव्हती. मी ढसाढसा रडत होते आणि केसरबाईला वाटत होतं की नाटकामुळेच.

उजाडता उजाडता आम्ही घरी निघालो. मुकुट माझ्या हातात, त्यांच्या खांद्यावर कोट. वाटेत येणारा जाणारा "राजे, जोहार!" म्हणत होता. गर्दी मागे पडल्यावर मी म्हटलं, "माह्यामुळं नाटक मोडलं असतं. झोपले होते का तुमी?"

"नाई वं. टक्क जागा होतो."

"मंग कूस काऊन पालटली? पडून राहाचं ना तसंच. मी ओरडली त ओरडली."

ते थांबले. चेहऱ्यावरचा रंग अर्धा पुसलेला, एक मिशी कुठेतरी पडलेली.

"नाटकात मी मेलो होतो, ते खोटं होतं," ते म्हणाले. "तू भेली, ते त खरं होतं ना वं."

घरी आल्यावर त्यांनी तोंड धुतलं, बेलफळाची बंडी घातली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मी जरा पाठ टेकते म्हणून खाटेवर आडवी झाले. त्या दिवशी, लग्नानंतर पहिल्यांदा, मी त्यांच्याआधी झोपले.